समोरच्या दाराची वहिवाट

परिशिष्ट ‘ज’, कलम अकरा : ‘सदर वहिवाटदार ही स्त्री असून विधवा आहे. वय सत्तरीच्या पुढे. बांधा सडपातळ. चष्मा आहे, परंतु तो बहुतांशी कपाळावर असतो. पूर्वीचा व्यवसाय : लॉजच्या चादरी, अभ्रे व टॉवेल यांची देखरेख. ओळखीची खूण : हाताशी येईल त्या कापडाची घडी घालते. सदर वहिवाटदारास सदर इमारतीच्या दर्शनी दारातून व सदर दारामागील स्वागतकक्षातून, कोणत्याही वेळी, विनाअडथळा, विनामूल्य व विनाविचारणा ये-जा करण्याचा वैयक्तिक, तहहयात व अहस्तांतरणीय हक्क राहील. सोबत एक पिशवी नेता येईल. छत्री ओली असल्यास मिटलेली असावी.’

एका वाक्यात तीन ‘सदर’ आले की समजावं, वकिलाची फी वाजवी आहे. घडीची खूण वकीलबाईंनी कच्च्या मसुद्यात गंमत म्हणून लिहिली होती. टंकलेखक गंमत न कळणारा होता. त्यामुळे ती पक्क्या दस्तात गेली, नोंदली गेली, आणि आता ती काढायची म्हटलं तर तिन्ही पक्षांच्या सह्या लागतील.

दस्ताबाहेर या वहिवाटदाराला सगळे घडीमावशी म्हणत. तिच्या तोंडावर नुसतं मावशी.

ती लॉजवर आली तेव्हा अर्थातच कोणाची मावशी नव्हती. फ्रॉक सोडून साडीत आलेली, पदर सांभाळता न येणारी पोरगी होती. इमारत तेव्हाही तीन थरांचीच. खाली दुकानं, मधल्या दोन मजल्यांवर लॉज, वर भाडेकरू. आज या प्रकाराला ‘मिश्र वापर’ म्हणतात आणि त्यासाठी सल्लागार नेमतात. त्या काळी त्याला काहीच म्हणत नसत. लॉजच्या स्वयंपाकघराचा धूर भाडेकरूंच्या खिडकीत गेला की वरून आरडाओरडा होई, खालून चहाची किटली वर जाई, आणि धुराचा प्रश्न पुढच्या धुरापर्यंत मिटे. गच्चीवर आज लॉजच्या गाद्या की भाडेकरूंच्या गोधड्या, हा वाद चिघळला तर थोरले शेठ जिन्यात उभे राहून काय ते एकदाच ओरडून सांगत. आताच्या इमारतीला कोणाचा काय हक्क ते सांगणारं शेदीडशे पानांचं घोषणापत्र आहे. त्या इमारतीला थोरल्या शेठचा घसा होता.

चादरींची खोली तळमजल्यावर मागच्या अंगाला होती. छतापर्यंत लाकडी फळ्या, निळीचा आणि खळीचा वास, गल्लीत उघडणारी एक खिडकी. कामाची माणसं त्याच गल्लीतल्या दाराने आत येत. थोरल्या शेठचा नियमच होता : समोरून गिऱ्हाईक, मागून काम. त्याचं कोणाला वाईट वाटत नसे. म्हणजे वाटतं का, असं कोणी विचारलं नव्हतं.

डबल बेडची चादर घडी करायला दोन माणसं लागतात. मावशीची जोडीदारीण कामापेक्षा दांड्यांबद्दल प्रसिद्ध होती. अशाच एका दांडीच्या दिवशी काउंटरवरचा कारकून धोब्याकडून किती चादरी आल्या ते विचारायला खोलीत डोकावला. किडकिडीत माणूस, खिशावर शाईचा डाग. मावशीने मान वर न करता चादरीचं एक टोक त्याच्या हातात दिलं.

“धरा.”

“मी हिशेब विचारायला—”

“मागे जा. ताणा. आता या.”

चादरीची घडी घालताना दोन माणसांना एकमेकांकडे चालत यावं लागतं, त्याला इलाज नाही. आपली टोकं दुसऱ्याच्या हातात देताना बोटाला बोट लागतं, त्यालाही नाही. लॉजमध्ये चादरी पुष्कळ होत्या.

लग्न कचेरीत झालं. दोन साक्षीदारांपैकी एक तळमजल्यावरचे घड्याळजी. त्यांनी सही करताना वेळही लिहिली, कारण तशी त्यांना सवय. नवरानवरी चालतच लॉजवर परतली. वरच्या मजल्यावर एक खोली शेठनी भाड्याने देऊ केली होती. इमारत आली तशी मावशीची पावलं आपसूक गल्लीकडे वळली. एवढ्यात समोरच्या दारातून हाक आली.

“अगं ए, इकडून.”

दारात मालकीणबाई उभ्या होत्या. थोरल्या शेठच्या पत्नी. एरवी त्या खाली उतरत नसत.

“बाई, चपला धुळीच्या आहेत.”

“असू देत. आज मागून शिरलीस तर जन्मभर मागूनच शिरशील. ये.”

थोरले शेठ काउंटरपाशी बसले होते. त्यांनी एकदा नियमाकडे पाहिलं, म्हणजे मोडत असलेल्या नियमाकडे, एकदा बायकोकडे पाहिलं, आणि वर्तमानपत्र उलटं धरून मन लावून वाचायला घेतलं. मावशी समोरून आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती भाजी घेऊन आली तीही समोरूनच. काउंटरवर नवरा होता. त्याच्या मागे फळीवर पितळी बिल्ल्यांच्या चाव्या टांगलेल्या. आपल्याच बायकोला पाहून त्याने पेन कानावर अडकवलं आणि गंभीर चेहऱ्याने विचारलं,

“बोला बाई, खोली हवी?”

मावशी एक क्षण गांगरली. मग म्हणाली,

“हवेशीर असेल तर बघू.”

हा विनोद काही फार मोठा नव्हता. पण तो रोज झाला. भाजी घेऊन आली की झाला, औषध घेऊन आली की झाला, तान्ह्या मुलीला दवाखान्यातून घरी आणलं तेव्हा झाला. त्या दिवशी त्याने ‘दोघींसाठी?’ एवढी भर घातली. कडाक्याचं भांडण झालेल्या दिवशीही तो विचारी आणि ती फणकाऱ्याने का होईना, उत्तर देई. मग काउंटरसमोरच्या बाकावर घटकाभर टेकून, पिशवीतल्या कोथिंबिरीची पानं सारखी करत, आल्यागेल्या पाहुण्यांना ती न मागितलेला सल्ला देई. “कोपऱ्यातली खोली घेऊ नका, पंखा रडतो.” महिन्याच्या महिन्याला येणारा औषधांचा विक्रेता तर बॅग ठेवायच्या आधी तिलाच विचारी, “मावशी, यंदा कुठली?”

नवरा गेला तो अचानक, काम करता करता. तेराव्या-चौदाव्या दिवशी कधीतरी मावशी पहिल्यांदा बाहेर पडून परत आली. दारात पाऊल टाकताना तिने मान खाली घातली होती. काउंटरवर नवा कारकून होता, दोन दिवसांपूर्वी रुजू झालेला. चाव्यांच्या फळीबरोबर त्याला तेही कोणीतरी सोपवलं असावं. तो चाचरत म्हणाला,

“बोला बाई, खोली हवी?”

मावशी बाकावर बसली. बराच वेळ पिशवीची घडी घालत राहिली. मग म्हणाली, “हवेशीर असेल तर बघू.” आणि वर गेली.

त्याच्यानंतरचा कारकूनही विचारत राहिला. त्याच्याही नंतरचा. विनोद कोणाचा, हे शेवटच्यांना माहीत नव्हतं. मावशी मात्र चादरीची घडी एकटीने घालायला शिकली. मधोमध हनुवटीखाली धरायची आणि दोन्ही हात लांब करायचे.

पुढे काळ बदलला, म्हणजे आजूबाजूला लिफ्टवाली हॉटेलं झाली. औषधांचा विक्रेता निवृत्त झाला. थोरले शेठ गेले, मालकीणबाई गेल्या. राहिले धाकटे शेठ. ते शिकून आले होते आणि त्यांना वारंवार सर्दी होत असे. त्यांनी ठरवलं की इमारत पाडायची आणि तिथे नवी बांधायची : खाली दुकानं, मध्ये हॉटेल, वर फ्लॅट. म्हणजे होतं तेच, फक्त उंच.

पण उंच झालं की सगळं लिहावं लागतं. त्यासाठी वकीलबाई आल्या. हुशार, काटक, पर्समध्ये कायम चणे ठेवणाऱ्या. त्यांनी धाकट्या शेठना समजावलं, की इमारत कागदावर आधी आडवी कापायची. दुकानांचा मालक वेगळा, हॉटेलचा वेगळा, फ्लॅटवाले वेगळे. कापून झालं की पुन्हा शिवायची, कारण टाकी एक, गटार एक, पाया एक. हॉटेलचं धुराडं फ्लॅटवाल्यांच्या भिंतीतून जाणार. मग त्या भिंतीचा रंग कोणी द्यायचा? दुकानाचा माल कोणत्या वेळी उतरवायचा, की पाहुण्याची झोप मोडणार नाही? आग लागली तर विमा कोणाचा, आणि नुसता धूर झाला तर कोणाचा?

“आणि नाव,” वकीलबाई म्हणाल्या. “हॉटेल कंपनीचं नाव आपल्याला भाड्याने मिळतंय. त्या नावापायी लोक फ्लॅटला चढा भाव देणार. उद्या कंपनी निघून गेली की पाटी उतरणार, आणि मग ते सगळे तुमच्या नावाने शंख करणार. म्हणून आत्ताच लिहून ठेवायचं, की नाव पाहुणं आहे.”

“आमच्या वडिलांनी यातलं काही लिहिलं नव्हतं,” शेठ नाक पुसत म्हणाले.

“त्यांनी कर्जही घेतलं नव्हतं.”

बँक कर्ज द्यायला तयार होती, पण कंपनीची सही झाल्यावर. कंपनी सही करायला तयार होती, पण एका अटीवर : समोरचं दार आणि लॉबी फक्त पाहुण्यांची. फ्लॅटवाल्यांना मागच्या गल्लीतून वेगळं दार, वेगळी लिफ्ट. ही अट जुन्या भाडेकरूंनी लेखी मान्य करायची. त्या बदल्यात प्रत्येकाला नव्या इमारतीत फुकट फ्लॅट. सगळ्यांनी आनंदाने सह्या केल्या. मावशीने चष्मा कपाळावरून खाली घेतला, कागद वाचला, त्याची चौपदरी घडी घातली आणि परत दिला.

“मला समोरून यायचंय.”

म्हणजे बँक कंपनीवर, कंपनी दारावर आणि दार मावशीवर अडलं.

लोकांनी आपापल्या परीने अर्थ लावले. जावई म्हणाले, सासूबाई मुरलेल्या आहेत, भाव वाढवताहेत. लेक येऊन म्हणाली, “आई, दारात काय ठेवलंय? मागायचंच तर एक जास्तीची खोली माग.”

“जास्तीच्या खोलीत काय करू? फेऱ्या मारू?”

घड्याळजींना नव्या इमारतीत दुकान मिळायचं होतं. ते रोज सुनावत, “मावशी, तुमच्यापायी माझं दुकान हवेत लटकलंय.”

“लटकू दे. लंबकाला काय नवीन?”

शेवटी धाकटे शेठ स्वतः वर आले. त्यांना मावशीने अंगाखांद्यावर खेळवलेलं. चारचौघांत ती त्यांना शेठ म्हणे, घरात नाही.

“मावशी, कर ना गं सही.”

“आधी नाक पूस.”

“मागचं दारही झकास असणार आहे. काचेचं. आपोआप उघडतं.”

“दार आपोआप उघडलं म्हणजे घरात माणूस नाही असं झालं,” मावशी म्हणाली.

शेठनी वाद घालायचं सोडलं. त्यांना वाटलं, नवीन हॉटेल कसं देखणं होणार हे डोळ्यांनी पाहिलं तर मावशी विरघळेल. खालच्या रिकाम्या केलेल्या दुकानात कंपनीने नमुन्याची खोली सजवली होती : पलंग, दिवे, पडदे, सगळं खऱ्या हॉटेलात असेल तसं. त्या दिवशी कंपनीचे साहेब ती तपासायला आणि बँकेच्या माणसाला दाखवायला येणार होते. शेठ त्याआधी मावशीला घेऊन गेले. “बघ निवांत,” म्हणाले, आणि फोन आला म्हणून बाहेर गेले.

मावशी बघत होती. दिवे चांगले होते. पडदेही बरे. पण पलंगावरची ती पांढरी, फुगीर रजई चारी बाजूंनी लोंबत होती. कोणीतरी काम अर्धवट टाकून गेलं असावं. साहेब येणार म्हणजे अब्रूचा प्रश्न; आणि अब्रू कोणाची, तर मालकीणबाईंच्या घराची. मावशीने पदर खोचला. गादी उचलून रजई एकेका बाजूने आत सारली, कोपऱ्यांना तिच्या हातचे तिरके मोड घातले, आणि वरून असा हात फिरवला की पलंग डफासारखा ताणला गेला. पन्नास वर्षांपूर्वी थोरल्या शेठनी याच मोडांसाठी तिला शाबासकी दिली होती.

मग सगळे आत आले. कंपनीचे साहेब सुटाबुटात, बँकेचा माणूस मागे. साहेबांना बोलण्यापेक्षा करून दाखवायची हौस होती.

“आमची झोप हीच आमची ओळख,” असं म्हणून त्यांनी बूट काढले, पलंगावर बसले, आणि रजई उचलून आत पाय घालायला गेले. रजई उचलेना. त्यांनी दुसरीकडून पाहिलं. हसत हसत जरा ओढली. मग न हसता ओढली. तिसऱ्या झटक्याला रजईसकट गादी निघाली आणि गादीसकट साहेब खाली आले.

बँकेचा माणूस जबाबदार होता. त्याने वाकून खालून पाहणी केली. “यात शिरायला वाट कुठून आहे?”

“मी खोचली,” मावशी म्हणाली. “उघडी पडली होती म्हणून.”

साहेब टाय सरळ करत उठले. “रजई अशीच असते. मोकळी. शेठ, या बाई कोण?”

धाकट्या शेठनी तोंड उघडलं. समोर कंपनी होती, शेजारी बँक होती.

“आमच्या... जुन्या भाडेकरू आहेत.”

“बघा,” साहेब म्हणाले. “म्हणूनच लॉबी वेगळी लागते.”

मावशीने पदर सोडला आणि निघाली. गल्लीतून, मागच्या दाराने. घड्याळजी दुकानाच्या मागच्या फळीवर चहा पीत बसले होते. त्यांनी पाहिलं आणि चष्म्यातून पुन्हा पाहिलं.

“आज इकडून?”

“मला आता रजईसुद्धा कळत नाही, घड्याळजी. कशाला हवंय समोरचं दार? देऊन टाकते सही.”

“अहो, रजईचं काय एवढं? मला तरी ती बॅटरीची घड्याळं कुठे कळतात? उघडतो, फुंकर मारतो, चाललं तर पैसे घेतो.” त्यांनी बशीत अर्धा चहा ओतून पुढे केला. मावशीने तो उभ्याउभ्याच संपवला आणि बशी परत दिली.

दुसऱ्या दिवशी वकीलबाई कागद घेऊन वर आल्या. मावशी गच्चीवरून वाळलेलं आणत होती. तिने सवयीने चादरीचं एक टोक त्यांच्या हातात दिलं. “धरा. सही पळून जात नाही.”

वकीलबाई पर्स काखेत घेऊन उभ्या राहिल्या, उलट्या बाजूला वळल्या, गुंतल्या, सुटल्या. दोघी हसल्या. तिसऱ्या चादरीला त्यांचा हात बसला.

“एक विचारू, मावशी? पैशांसाठी अडवणारे मी रोज बघते. तुम्ही काहीच मागितलं नाहीत. मग दारच का?”

मावशीने सांगितलं. गल्ली, धुळीच्या चपला, दारात उभ्या मालकीणबाई, त्यांचं वाक्य. घडी घालता घालता सांगितल्यामुळे प्रत्येक वाक्याला ती चार पावलं जवळ येत होती. नवऱ्याचा काउंटरवरचा प्रश्न मात्र तिने सांगितला नाही. तो काही वकिलाला सांगायचा विषय नव्हता. शिवाय या वयात लाजही वाटली.

वकीलबाईंनी कागद पर्समध्ये परत ठेवला. “आज सही नको,” म्हणाल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी धाकट्या शेठना ती हकिगत सांगितली. शेठनी नाकाशी नेलेला रुमाल तसाच खाली घेतला.

“आई असं म्हणाली होती?”

“तुम्ही जन्मायच्या आधी.”

“आणि मी काल तिला भाडेकरू म्हटलं.”

बँकेने दिलेली मुदत संपत आली होती, त्यामुळे शेठच्या पश्चात्तापाला कामाचीही जोड मिळाली. कंपनीबरोबर शेवटची बैठक बसली.

“आमच्या नियमावलीत रहिवाशांना लॉबी वर्ज्य आहे,” साहेब म्हणाले.

“रहिवाशांना आहे ना?” वकीलबाई चणे खात म्हणाल्या. “हा हक्क फ्लॅटला जोडलेलाच नाही. फ्लॅट विकला तर घेणाऱ्याला मिळणार नाही, वारसांना मिळणार नाही. एका व्यक्तीचा आहे, त्या व्यक्तीबरोबर संपेल.”

“व्यक्तीचं वय?”

“सत्तरीच्या पुढे.”

साहेबांनी छताकडे बघून मनातल्या मनात वजाबाकी केली. “चालेल.”

मग पिशवीवर चर्चा झाली. साहेबांना लॉबीत भाजी नको होती. एका पिशवीवर तडजोड झाली, तीत काय आहे ते पाहायचं नाही. ओल्या छत्रीने लादी खराब होते, हे साहेबांचं म्हणणं शेठनी मोठ्या मनाने मान्य केलं. गाडी अडली ती शेवटच्या गोष्टीवर. साहेब म्हणाले, दारावरचा माणूस ओळख तर विचारणारच.

“नाही विचारणार,” वकीलबाईंनी चण्याची पुडी मिटली. “त्या बाईंनी जन्मभर या जागेच्या चादरी सांभाळल्या. त्यांना या दारात कोणी ‘आपण कोण’ म्हणून अडवायचं नाही. ना दारावर, ना काउंटरवर. एक शब्द नाही. लिहा : विनाविचारणा.”

“ते राहिलंच पाहिजे,” धाकटे शेठ एकदम म्हणाले. आवाज इतका चढला, की जुन्या माणसांना जिना आठवला असता. साहेबांनी ते मान्य केलं.

सहीच्या दिवशी वकीलबाईंनी मावशीला कलम वाचून दाखवलं. त्यांचा चेहरा एखादी मोठी केस जिंकल्यासारखा फुलला होता. मावशीने सगळं शांतपणे ऐकलं.

“विनाविचारणा म्हणजे?”

“म्हणजे तुम्ही समोरून आलात, की तुम्हाला कोणीही काहीही विचारणार नाही.”

“काहीच नाही?”

“एक अक्षर नाही! पक्कं बांधलंय मी.”

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलणार होती. पण या वकील पोरीने भांडून आणलेलं होतं. आणलेल्या वस्तूला नावं ठेवू नयेत. तिने चष्मा खाली घेतला आणि सही केली.

इमारत पाडली, नवी उभी राहिली. तेवढी वर्षं मावशी लेकीकडे राहिली आणि जावयाच्या रुमालांना आयुष्यात पहिल्यांदा घड्या पडल्या. नव्या फ्लॅटची किल्ली मिळाली त्या दिवशी ती एकटीच निघाली. वाटेत भाजी घेतली. पिशवी एकच.

समोरचं दार आपोआप उघडलं. दारावरच्या माणसाने सलाम केला आणि नजर समोर ठेवली. लॉबीत दगड आरशासारखा चकाकत होता. बाक नव्हता. चाव्यांची फळी नव्हती. चाव्याच नव्हत्या, आता दार उघडायला पत्त्यांसारखी कार्डं असतात. पण काउंटर होता, जवळपास त्याच जागी, आणि त्याच्यामागे गणवेशातली एक मुलगी उभी होती. हसऱ्या चेहऱ्याची. तिने मावशीला पाहिलं आणि ओळखलं. कलम अकरातल्या बाईंचा फोटो तिला रुजू झाली त्याच दिवशी दाखवला होता.

मावशी काउंटरपाशी जाऊन उभी राहिली. पिशवी या हातातून त्या हातात घेतली. थांबली.

मुलगी ताठ उभी राहिली. या बाईंना काहीतरी हवंय, हे तिला दिसत होतं. काय हवंय ते विचारलं की झालं असतं. एरवी दिवसाला शंभरदा ती तेच विचारत असे. पण कंपनीने बजावलं होतं. ती हसली, आणि आणखी हसली.

“हवेशीर असेल तर बघू,” मावशी शेवटी आपणच म्हणाली.

मुलीने अदबीने मान लववली. विचारलं काहीच नाही.

मावशी वर गेली. खोल्या हवेशीर आहेत.

हे झाल्याला बरेच दिवस झाले. मागच्या गल्लीतल्या दाराशेजारी हॉटेलची लाँड्री आहे. तिथे चादरींची घडी यंत्र घालतं, त्याला दुसरं टोक धरायला कोणी लागत नाही. पण खळीचा वास गल्लीभर तोच. त्या दाराचा वॉचमन चौकस आहे. येणाऱ्या प्रत्येकाला तो काही ना काही विचारतो. “काय मावशी, काय आणलंत आज? कुठे गेला होतात? वांगी काय भाव?” तक्रारी बऱ्याच आहेत त्याच्याविरुद्ध. घड्याळजींचं दुकान पुढच्या बाजूला, दर्शनी दाराला लागून आहे. त्यांनी परवा मावशीला छेडलं, “एवढं भांडून दार मिळवलंत आणि जाता मागून?”

“गुडघे दुखतात हो,” मावशी म्हणाली. “पायऱ्या होत नाहीत.”

कलम अकरा अमलात आहे. दारावर नवा माणूस आला की त्याला फोटो दाखवतात. दर महिन्याला कंपनीचा माणूस तपासून लिहितो, की वहिवाटदाराच्या हक्कात कोणताही अडथळा आलेला नाही.

समोरच्या दाराला पायऱ्या नाहीत. मागच्याला आहेत.